सात नंबरचा उन्हाळा

सकाळपासून फ्रीज माझ्यावर ओरडतोय. दार नीट लागलं नाही की हा टीं टीं करतो. नीट लागलेलं असलं तरी करतो. गिरीशनं, म्हणजे माझ्या मुलानं, तो गेल्या महिन्यात आणला आणि त्याचं काहीतरी स्वतःच्या फोनला जोडलं. आता मी कोथिंबीर काढायला दार उघडलं की तिकडं दुकानात ह्याला कळतं. "आई, चिडतेस कशाला? तो तुला आठवण करून देतो," म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, मला आठवण करून द्यायला कुणी नको. मला सगळं आठवतं."

चैत्र सरत आला. दहा वाजता गच्चीवर पाय ठेववत नाही. समोरच्या कडुलिंबाचा मोहर गळून जिन्यावर पडलाय आणि त्याचा तो कडसर गोड वास खिडकीतून आत येतो. दरवर्षी हा वास आला की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, आईला उन्हाळा सोसत नाही. चूक. मी करकंबची, उसाच्या पाचटावरून अनवाणी चाललेली पोर. उन्हाळा मला चांगला सोसतो. मला सोसत नाहीत ती यंत्रं, आणि त्या यंत्रांपुढं हात जोडून उभी राहणारी माणसं.

शेगडीचंच बघा. आमच्या वेळी वातीचा स्टो होता. वात वर, जाळ मोठा. वात खाली, जाळ बारीक. रॉकेल संपलं की भक भक करून विझायचा. आता घरात काचेची शेगडी आहे, तिला बोटानं गोंजारावं लागतं. बोट ओलं असेल तर ती ऐकत नाही. स्वयंपाकघरात बोट ओलं नसेल तर कुठं ओलं असेल? आणि टीव्ही! तो लावायला दोन रिमोट लागतात आणि दोन्ही कळणारं माणूस नेमकं दुकानात गेलेलं असतं. मग घरातली म्हातारी काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आणि शेंगाचटणी. सोलापूरची शेंगाचटणी उखळातच कुटावी लागते. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ, आणि वरून बत्त्याचे घाव. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं, चटणी गोळा धरते, लाल चकाकते. सूनबाईच्या मिक्सरमधून निघतो तो लाल भुसा. वर ती म्हणते, "आई, दोन मिनिटांत झाली." झाली खरी. पण काय झाली, ते विचारू नये. कडक भाकरीवर तो भुसा घेतला की निम्मा ताटात सांडतो आणि निम्मा ठसका लावतो.

लोकांना वाटतं, म्हातारीला नव्याचा राग आहे. तसं नाही. पंख्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. शिवणयंत्र तर माझं मीच माहेरून आणलं होतं. माझा राग वेगळा आहे, आणि तो जुना आहे. तो सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यातला आहे.

तेव्हा आम्ही सोलापूरच्या पूर्व भागाला, विणकरांच्या वस्तीला, लागून राहायचो. गल्लीत पहाटेपासून मागांची खटखट. उन्हं चढली की पत्र्यांची घरं तापून तडतड वाजायची. नळाला पाणी पहाटे यायचं, तेही करंगळीएवढं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या आणि आत चादरींच्या गठ्ठ्यांवर नोकर झोपलेले. आमचं दुकान चादरींचंच. भर मे महिन्यात जाड चादरी विकणारं गाव हे, असं माझे वडील चेष्टेनं म्हणायचे. ताटात कडक भाकरी, दही, चिरलेला कांदा. त्यापलीकडं तोंडात काही घालवत नसे. शहाबादी फरशीवर पाणी मारून तिच्यावर पाठ टेकली की घटकाभर बरं वाटायचं, मग फरशीही तापायची.

घरात आम्ही तिघं. मी, हे आणि अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई. अक्कलकोटकडच्या. मराठी बोलता बोलता कधी कन्नडात शिरतील याचा नेम नाही. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाली थांबायची. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून त्यांना साखरेचा आजार होता. रोज सकाळी पूजा, मग इन्सुलिनची सुई, मग भाकरी. सुई टोचायला मी कंपाउंडरकडून शिकून घेतलं होतं. काचेची पिचकारी उकळत्या पाण्यात टाकायची, गार करायची, दंडाला स्पिरिट लावायचं. अव्वा मान फिरवून म्हणायच्या, "टोच ग बाई, तुझा राग सगळा काडून घे माज्यावर."

ते औषध उन्हात टिकत नाही. म्हणून डॉक्टरांनी युक्ती सांगितली होती. एक मोठा माठ, त्यात ओली वाळू. त्या वाळूत बसवलेलं एक लहान गाडगं. गाडग्यात फडक्यात गुंडाळलेल्या औषधाच्या बाटल्या, वर झाकणी. माठ मागच्या दाराच्या आतल्या अंगाला, जिथं वारा लागतो पण ऊन येत नाही. सकाळी भांडी झाल्यावर आणि दुपारी चहाच्या आधी वाळूवर पाणी शिंपडायचं, एवढंच काम. अव्वांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, "वाळूत बोट घालून बघ. बोटाला गार लागलं की औषधाला पुरं. कोरडी लागली तर तू चुकलीस, माठ न्हाय चुकला."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ घोळवलं आहे. माठ विसरला जाऊ शकतो, फुटू शकतो. पण बिघडला आणि लपून बसला असं होत नाही. वाळू कोरडी पडली की पांढरी दिसते, लांबून दिसते. बोट घाला, कळतं. त्याला आवाज नाही, दिवा नाही, आकडे नाहीत. आणि आणखी एक, जे मला त्या उन्हाळ्यानं शिकवलं. माठ जेवढा गार होतो तेवढाच होतो. तुम्ही कितीही हौशी असा, कितीही घाबरलेले असा, माठाला त्याच्या पलीकडं नेता येत नाही. त्याला कान पिळायला बटणच नाही.

त्या चैत्रात फ्रीज आला तो गोणपाटात गुंडाळून, गल्लीपर्यंत हातगाडीवरून आणि घरात चार माणसांच्या खांद्यावरून. अख्खी गल्ली दारात. ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि चेहरा लग्नात होता त्याच्यापेक्षा जास्त फुललेला. बैठकीत, येणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरेल अशा कोपऱ्यात तो उभा राहिला. पांढराशुभ्र, गोल खांद्यांचा, दाराला कुलूप. अव्वांनी त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"येवढं कपाट कशाला आनलास रे?"

"तुझ्यासाठी, अव्वा. तुझं औषध आता मातीत ठेवायचं नाही."

"मातीत काय वाईट हाय? शेवटी मातीतच जायचं की सगळ्यांनी."

"तसलं बोलू नको. दुकानात येणारे मोठे व्यापारी घरी येतात, बघतात. आईचं औषध गाडग्यात! मला कसं वाटत असेल?"

लेकाचा उत्साह मोडायचा नाही, हा त्यांचा एकच दुबळेपणा. त्यांनी विभूती आणली, फ्रीजच्या दारावर तीन बोटांनी पट्टे ओढले आणि म्हणाल्या, "होगली बिडू. आनलास तर आनलास." होगली बिडू, म्हणजे जाऊ दे, सोड. तिथंच तो विषय संपला. माठ दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात गेला, भांडी घासायची राख ठेवायला.

ह्यांचं अव्वांवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन. वडील लवकर गेले, अव्वांनीच दुकान सांभाळून ह्यांना वाढवलं. आईसाठी जे करायचं ते उत्तमातलं उत्तम करायचं, हा ह्यांचा हट्ट होता. म्हणून तर फ्रीजमध्ये काय कुठं ठेवायचं हेही ह्यांनी स्वतः ठरवलं. पाण्याच्या बाटल्या खाली. दही मधे. आणि सगळ्यात मोलाची वस्तू सगळ्यात गार जागी, म्हणजे वर, बर्फाच्या कप्प्यात. अव्वांच्या औषधाच्या सगळ्या बाटल्या तिथं.

परगावच्या माणसाला हे वाचून हसू येईल. पण सोलापुरात जन्मलेल्या माणसाला विचारा. तुमच्या आयुष्यात गारव्यानं कधी कुणाचं नुकसान केलंय का? आमच्याकडं नासतं ते उन्हानं. दूध उन्हानं, भाजी उन्हानं, माणूस उन्हानं. गारवा म्हणजे देवाची कृपा. ती जास्त झाली तर वाईट, हे ज्याला डिसेंबरातही पातळ सदरा पुरतो त्याच्या डोक्यात यावं कुठून? उलट पहिल्या सकाळी बाटली बाहेर काढली, ती आतून पांढरी, गोठून दगड झालेली, तेव्हा ह्यांनी ती हातात घेऊन अव्वांना दाखवली. "बघ! आता सूर्य घरात उतरला तरी काय करणार हिला!"

मी म्हणाले, "अहो, एवढं गार कशाला? माठात असं होत नव्हतं."

"माठाला जमत नव्हतं म्हणून होत नव्हतं."

मग रोजचा रिवाज पडला. बाटली काढायची, वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात धरायची, वितळू द्यायची. वितळल्यावर आत बारीक भुरभुर दिसायची. हे म्हणायचे, हलव, मिसळून जाईल. हलवली की मिसळायची. मग मी सुई भरायची आणि अव्वांच्या दंडाला टोचायची. बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. हे बी.कॉम. झालेले, इंग्रजी पत्रं लिहिणारे. पण ज्याच्या घरी फ्रीज आला त्यानं बाटली कशाला वाचायची?

गल्लीला त्या फ्रीजचं वेड लागलं. शेजारच्या पद्मक्का, त्यांच्या घरी चार माग, त्या रोज दुपारी डबा घेऊन दारात. "वैनी, बरफ हाय का ओ? पोरगं लई रडतंय." बर्फाचे खडे घेऊन जायच्या आणि जाताना फ्रीजला हात लावून तो हात कपाळाला लावायच्या. मी हसायचे. ह्यांना मात्र त्यात चेष्टा दिसत नसे. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, दिवे पिवळे व्हायचे, फ्रीज घर्र घर्र करत धापा टाकायचा, आणि हे दुकानातून आल्या आल्या आधी त्याच्याजवळ जाऊन कान लावायचे. आईला "जेवलीस का" हे त्यानंतर.

वैशाख लागला तशा अव्वा पाणी फार प्यायला लागल्या. पण वैशाखात सोलापुरात पाणी कोण पीत नाही? तांब्या त्यांच्या उशाशी असायचा तो पायरीवरही त्यांच्याबरोबर जायला लागला. चोळी दंडाला सैल झाली. भाजीवालीशी भांडणं बंद झाली. दुपारी बसल्या बसल्या डोळे मिटायच्या. पद्मक्का म्हणाल्या, "ऊन बाधलं ओ अव्वाला, कांदा लावा तळपायाला." कांदा लावला. धने-जिऱ्याचं पाणी दिलं. माझ्या माहेरून वाळा आला, तो पाण्यात टाकला. ज्या आजाराची खूणच तहान, तो आजार सोलापूरच्या मे महिन्यात आला. त्याला ओळखायचं कुणी? सगळं गावच तहानलेलं होतं.

आणि हे काय करायचे? फ्रीजच्या आत एक चक्री होती, तिच्यावर आकडे; आकडा मोठा तेवढा गारवा जास्त. आणला तेव्हा ती चारवर होती. अव्वा मलूल दिसायला लागल्या तशी ह्यांनी ती पाचवर नेली. "उन्हानं औषधाचा जोर कमी होत असेल," म्हणाले. मग सहावर. अव्वांना भिंतीला धरून उठावं लागलं त्या दिवशी सातवर. त्याच्या पुढं आकडा नव्हता. अति तिथं माती, असं आपण मुलांना गोळ्या-बिस्किटांवरून सांगतो. मी तो आकडा बघितला होता आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण बाहेर आग पडत होती.

एके दिवशी पहाटे नळाला पाणी आलं म्हणून मी उठले. घागर घेऊन मागच्या दाराशी आले तर अव्वा तिथं उकिडव्या बसून तांब्यानं पाणी पीत होत्या. घटाघट, हनुवटीवरून, पदरावरून सांडत. पूजा झालेली नव्हती. विभूतीचं भांडं कोपऱ्यात तसंच. ज्या बाईनं तापात फणफणत असताना पूजेआधी ओठ ओले केले नव्हते, ती बाई. मला बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि नवीन नवरी लाजावी तशा लाजल्या.

"सांगू नको ग त्याला."

"अव्वा, काय होतंय तुम्हाला?"

"आत जळतंय बघ. समद्या अंगात जळतंय. देवाला सांगून प्याले मी, तू नको सांगू."

मी सांगितलं. त्याच सकाळी, ह्यांच्या हातातला चहा ठेवायला लावून सांगितलं. हे घाबरले. म्हणाले, दुकान उघडून येतो, डॉक्टरांकडं नेऊ. आणि मला म्हणाले, तोवर सुई दे. मी बाटली काढली, वितळवली, दिली. दुपारी अव्वांना हाक मारली तर त्या ओ देईनात. श्वास लांब लांब, खोल, आणि त्याला पिकून गेलेल्या फळासारखा वास. टांग्यात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि टपावरून ऊन ठिबकावं तसं खाली येत होतं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं तपासलं, लघवी तपासायला पाठवली, मग ह्यांना विचारलं, "इन्सुलिन बंद केलं होतं का?"

"एक दिवस चुकलं नाही, डॉक्टर. ही स्वतः देते."

"ठेवता कुठं?"

ह्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. एवढ्या काळजीतही तो उजळला. निदान या एका प्रश्नाचं उत्तर आपल्याजवळ पक्कं आहे, अशा सुरात हे म्हणाले, "फ्रीजमध्ये. बर्फाच्या कप्प्यात. दगड असतो अगदी, सकाळी वितळवून घ्यावा लागतो."

डॉक्टरनं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "ते गोठवायचं नसतं हो. गोठलं की त्यातली ताकद जाते. तुम्ही इतके दिवस त्यांना नुसतं पाणी टोचत होता." रागानं नाही बोलला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. हे जिथं उभे होते तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसले.

गिरीशशी माझं हेच भांडण होतं. मलाही आता इन्सुलिनची सुई लागते, आणि औषध त्याला ह्या नव्या फ्रीजमध्येच ठेवायचं असतं. त्याच्याकडं सगळ्यावर उत्तर असतं. आई, हा नवा फ्रीज आपोआप तापमान सांभाळतो. आई, बिघडला तर फोनवर निरोप येतो. येत असेल. पण फोन बंद असेल तर? निरोप खोटा असेल तर? मी त्याला विचारते, तुझ्या आजीच्या वेळचा फ्रीज तरी कुठं बिघडला होता? तो उत्तम चालत होता. जे सांगितलं ते इमानेइतबारे करत होता. सातवर ठेवला तर सातवर. यंत्राचं हेच मला भयंकर वाटतं. आपल्या अज्ञानाला ते हात देतं, जोर देतं, आणि आपण चुकतोय हे शेवटपर्यंत कळू देत नाही. साध्या वस्तूला एवढी ताकदच नसते. तिच्याकडून माणूस चुकला तरी थोडाच चुकतो. गिरीश ऐकून घेतो आणि फोनकडं बघतो.

तिकडं दवाखान्यात अव्वांना नवं औषध आलं, सलाइन लागलं, एकदा त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं असं वाटतं. ह्यांच्याकडं बघून ओठ हलले, आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी अव्वा गेल्या. आमच्या लिंगायतांत बसवून माती देतात. भर दुपारी दिली. माती हातात घेतली तर ती तव्यावरची असावी इतकी तापलेली होती, आणि मला उगाच वाटत राहिलं की त्यांना आत भाजेल.

मग माणसं भेटायला यायला लागली. उन्हातून आलेली, पागोट्यानं घाम पुसत, बैठकीत बसणारी. हे खालमानेनं बसलेले. माणूस आलं की ह्यांच्या तोंडून सवयीनं निघायचं, "पाणी आण ग." मी फ्रीज उघडायचे, पेले भरायचे. अक्कलकोटहून अव्वांचे चुलतभाऊ आले, म्हातारे, अव्वांपेक्षा वयानं मोठे. त्यांनी पेला एका दमात संपवला, समाधानानं हुश्श केलं आणि म्हणाले, "काय गार हाय ओ पानी. आनि एक द्या की." मग पेला पुढं धरून ह्यांना विचारलं, "पर अव्वा गेली कशानं रे? धडधाकट होती की."

"ऊन बाधलं," हे म्हणाले.

मी पेला घ्यायला वाकले होते. तशीच उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उन्हानं नाही. थंडीनं गेल्या."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराबाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडं, आणि दुःखानं सुनेचं डोकं फिरलंय अशी मान हलवली. बैठकीत कुणालाच काही समजलं नाही. ह्यांना समजलं. त्यांनी मान वर केली नाही, आणि त्यानंतर जगले तेवढी वर्षं मला कधी पाणी मागितलं नाही. उठून स्वतः घ्यायचे.